अनोळखी शहरात नाचायला जाताना : साल्सा, लिंडी हॉप की टँगो?

नव्या शहरात एकट्याने राहायला आलेल्या माणसासाठी जोडीने नाचण्याचे सोशल, म्हणजे नाचण्यासाठी भरणारे मोकळे मेळावे, हा ओळखी वाढवण्याचा फार चांगला मार्ग आहे, कारण तिथे जोडीदार बरोबर न्यावा लागत नाही आणि एकटे येण्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. प्रश्न उरतो तो कोणत्या सोशलला जावे हा. बहुतेक जण आवडत्या संगीतावरून ठरवतात; माझ्या मते नवख्याने त्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात : नाचायला विचारण्याची पद्धत कोणती, आणि एकदा होकार दिल्यावर एकाच व्यक्तीबरोबर किती वेळ नाचावे लागते.

या दोन्ही बाबतींत साल्सा सर्वांत सुटसुटीत आहे. समोर जाऊन हात पुढे करायचा, एक गाणे नाचायचे, आभार मानायचे आणि वेगळे व्हायचे. सूर जुळले नाहीत तरी चार-पाच मिनिटांत दोघेही मोकळे होतात. अडचण येते ती शैलीची. आठ मात्रांच्या आवर्तनात काही ठिकाणी पहिल्या मात्रेवर दिशा बदलतात, तर काही ठिकाणी दुसऱ्या मात्रेवर. क्यूबन पद्धतीत जोडी एकमेकांभोवती फिरत राहते, तर न्यूयॉर्क किंवा लॉस एंजेलिसच्या पद्धतीत एका सरळ पट्ट्यातच ये-जा होते. त्यामुळे एका शहरात व्यवस्थित नाचणारी व्यक्ती दुसरीकडे गोंधळते आणि आपल्यालाच काही येत नाही असे समजून बसते. यावर उपाय म्हणजे पहिली दोन-तीन गाणी कडेला उभे राहून इतरांची पावले पाहणे, किंवा सुरुवात बचाटा या दुसऱ्या लॅटिन नाचाने करणे. साल्साच्या बहुतेक सोशलमध्ये बचाटाही वाजतो आणि त्यातली तीन पावले व चौथ्या मात्रेवरचा टॅप बहुतेक ठिकाणी ओळखीचा असतो. एक उणीव मात्र राहते : संगीत मोठ्याने वाजत असल्यामुळे बोलणे जवळपास होतच नाही.

लिंडी हॉप १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये कृष्णवर्णीय नर्तकांनी घडवला. तिथला सॅव्हॉय बॉलरूम १९२६ मध्ये उघडला आणि कडक वर्णभेदाच्या त्या काळातही त्याच्या फ्लोअरवर कृष्णवर्णीय व गोरे एकत्र नाचत. लिंडी हॉप स्विंग संगीतावर नाचतात, आणि आजच्या स्विंग सोशलमध्येही मला तो मोकळेपणा जाणवतो. नवख्याच्या दृष्टीने महत्त्वाचे म्हणजे अनेक ठिकाणी सोशलच्या आधी नवशिक्यांचा वर्ग असतो. त्यात सगळे गोल करून उभे राहतात आणि दर काही मिनिटांनी जोडीदार बदलतो, त्यामुळे मुख्य नाच सुरू होण्यापूर्वीच दहा-बारा जणांशी नावानिशी ओळख झालेली असते. एका व्यक्तीबरोबर सलग दोन गाणी नाचण्याचा प्रघातही बऱ्याच ठिकाणी आहे आणि तो मला शहाणपणाचा वाटतो, कारण पहिले गाणे समोरच्याच्या हाताचा ताण आणि उसळी समजून घेण्यात जाते आणि खरा नाच दुसऱ्यात होतो. जलद गाण्यांना मात्र नवख्याने बसून राहिलेले बरे. शिवाय स्विंगचा गट सहसा लहान असतो. काही शहरांत आठवड्याला एखादाच कार्यक्रम मिळतो.

टँगोचा मिलोंगा, म्हणजे टँगोचा सोशल, हे वेगळेच जग आहे. तिथे तीन-चार गाण्यांचा एक संच असतो, त्याला तांदा म्हणतात, आणि संपूर्ण तांदा एकाच व्यक्तीबरोबर नाचायचा असतो; मधेच आभार मानले तर नाच तिथेच थांबवायचा आहे असा अर्थ घेतला जातो. विचारणे होते ते नजरेने : दुरूनच डोळ्याला डोळा भिडतो, हलकेच मान हलते आणि होकार मिळाल्यावरच जागा सोडायची. आपण कुठे बसतो याला म्हणूनच महत्त्व आहे; खांबाआड किंवा मोबाइलमध्ये डोके घालून बसलेल्या व्यक्तीला संध्याकाळभर कोणी विचारणार नाही. नियमित येणारे लोक पाहुण्याला आधी नाचताना पाहतात आणि मगच बोलावतात. तो अपमान समजू नये, तांदा संपेपर्यंत दोघेही बांधले जातात म्हणून ती काळजी घेतली जाते. फ्लोअरवर सगळ्या जोड्या घड्याळाच्या उलट दिशेने एकामागून एक सरकतात, आणि तिथे अडखळणाऱ्या जोडीमुळे मागची पूर्ण रांग थांबते. ज्याचा पाया पक्का आहे त्याला मात्र हेच नियम अनोळखी शहरात आधार देतात. स्थानिक भाषेचा एक शब्द न येताही तो पूर्ण संध्याकाळ नाचू शकतो.

ज्यांनी कधीच जोडीने नाच केलेला नाही, त्यांना मी सांगेन की त्यांनी वर्गासह असलेला स्विंग सोशल निवडावा. काही महिने साल्सा शिकलेल्यांनी शनिवारच्या गर्दीऐवजी आठवड्याच्या मधल्या दिवशीचा साल्सा गाठावा. टँगो नुकताच सुरू केलेल्यांनी मिलोंगाआधी प्रॅक्टिकाला, म्हणजे सरावाच्या बैठकीला, जावे. तिथे मधेच थांबून बोलता येते आणि चूक सुधारता येते. तिन्हींपैकी कुठेही गेलात तरी सुरुवातीच्या वेळेलाच पोहोचा, कारण तेव्हा फ्लोअर मोकळा असतो आणि आयोजकांना नव्या माणसाकडे लक्ष द्यायला सवड असते. नकार द्यावासा वाटला तर कारण न सांगता नम्रपणे द्यावा, आणि परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ घरून निघतानाच पाहून ठेवावी.