पक्षाचे प्राथमिक सदस्यत्व : एका सेवेचे परीक्षण

राजकीय पक्षाचे प्राथमिक सदस्यत्व आज एका मिस्ड कॉलवर मिळते. भारतीय जनता पक्षाने नोव्हेंबर २०१४ मध्ये ही पद्धत देशभर राबवली आणि पुढच्या वर्षी सदस्यसंख्या दहा कोटींच्या पुढे गेल्याचे जाहीर केले. नंतर इतर पक्षांनीही फोन क्रमांक, ॲप किंवा संकेतस्थळ यांपैकी एखादा मार्ग धरला. महाविद्यालय संपल्यावर मीही एका पक्षाचा सदस्य झालो, काही वर्षे त्याच्या युवक शाखेत काम केले आणि पुढे नूतनीकरण केले नाही. त्या पक्षाचे नाव येथे देत नाही, कारण वेगवेगळ्या पक्षांत असलेल्या मित्रांचे अनुभव ऐकल्यावर झेंड्याच्या रंगाने फारसा फरक पडतो असे मला वाटत नाही. पंचविशी-तिशीतील मुलगे पक्षांपासून का दुरावले, या प्रश्नाचे उत्तर ‘आजची पोरे राजकारणाबाबत उदासीन आहेत’ एवढ्या एका वाक्यात दिले जाते. ते मला मान्य नाही. हीच पोरे रात्री दोनपर्यंत चहाच्या टपरीवर आरक्षण, ऊसदर आणि भरती यांवर तावातावाने बोलत असतात. गिऱ्हाईक तुटले की दुकानदार आधी आपला माल तपासतो. त्याच न्यायाने पक्ष तरुणाला सदस्यत्वाच्या नावाने नेमके काय देतात, हे येथे तपासले आहे.

नोंदणीबद्दल तक्रार करण्यासारखे काही नाही. मोबाइल क्रमांक, मतदारसंघ, जन्मतारीख आणि छायाचित्र एवढ्यावर काम होते, शुल्क नाममात्र असते आणि सदस्य क्रमांक असलेले ओळखपत्र लगेच फोनवर येते. सरकारी संकेतस्थळांवर जातीच्या दाखल्यासाठी ताटकळलेल्या माणसाला ही तत्परता नक्की जाणवेल. पक्षाची घटना मात्र नोंदणीच्या कोणत्याही टप्प्यावर समोर आली नाही. सदस्याला कोणते हक्क आहेत, तक्रार कोणाकडे करायची, तालुकाध्यक्ष किती वर्षांसाठी असतो, यांपैकी काहीही कोणी सांगितले नाही. पहिला संदेश शुभेच्छांचा होता, दुसरा आणखी सदस्य जोडण्याचा. मित्रांची, भावकीतील मुलांची नावे भरून दिली की वरिष्ठांच्या यादीत आपले नाव वर सरकते, हे लवकरच कळले.

त्यानंतर जे काम मिळते, ते प्रत्येक कार्यकर्त्याच्या परिचयाचे आहे. सभेला माणसे आणणे, मोटारसायकल रॅलीत पुढे राहणे, वाढदिवसाचे फ्लेक्स रात्रीतून लावणे, मतदानाच्या दिवशी बूथवर याद्या घेऊन बसणे आणि सभा संपल्यावर सतरंज्या उचलणे. यांतील कोणतेही काम मी हलके मानत नाही. बूथवर बसून मतदारयादी वाचताना गल्ली जशी कळते, तशी ती एरवी कळत नाही. परंतु या कामाला पुढची पायरी हवी होती. पाणीपुरवठ्याच्या वेळापत्रकावर किंवा पीकविम्यावर पक्षाची भूमिका काय असावी, यासाठी आम्हाला कधी बोलावले गेले नाही. बैठका व्हायच्या, पण त्यांत निरोप वरून खाली यायचे. खालचे म्हणणे वर नेण्याची सोय नव्हती. एका बैठकीत एका मुलाने पक्षाच्या जाहीरनाम्यातील रोजगाराच्या आश्वासनाचे पुढे काय झाले, असे अगदी आदराने विचारले. ‘भाऊ येतील तेव्हा बोलू,’ असे उत्तर मिळाले आणि विषय संपला. पुढच्या बैठकांना तो मुलगा आला नाही, आणि तो का येत नाही हे विचारायलाही कोणी गेले नाही.

या सेवेतील सर्वांत मोठी उणीव येथेच आहे. सदस्याला मत नाही. तालुक्याची, जिल्ह्याची पदे नियुक्तीपत्राने दिली जातात, उमेदवारीचा निर्णय मुंबईत किंवा दिल्लीत होतो, आणि निवडणुकीच्या तोंडावर दुसऱ्या पक्षातून आलेल्या माणसाला तिकीट मिळाले तर निष्ठावंतांनी समजून घ्यायचे असते. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ मधील कलम २९ अ पक्षाच्या नोंदणीविषयी आहे. त्यानुसार संविधानावर निष्ठा जाहीर करावी लागते; मात्र पक्षांतर्गत निवडणुका घेतल्या नाहीत म्हणून नोंदणी रद्द करण्याचा अधिकार निवडणूक आयोगाला त्यातून मिळत नाही. काँग्रेसने ऑक्टोबर २०२२ मध्ये अध्यक्षपदासाठी मतदान घेतले, खरगे आणि थरूर यांच्यात खरी लढत झाली, आणि त्याचे श्रेय त्या पक्षाला दिलेच पाहिजे. पण तेथेही मते ९,३८५ पडली, कारण मतदानाचा हक्क प्रतिनिधींना होता. सामान्य सदस्याने निकाल दूरचित्रवाणीवर पाहिला.

सदस्याला किती किंमत आहे, हे महाराष्ट्रातील तरुणाने जून २०२२ नंतर अगदी जवळून पाहिले. शिवसेना फुटली, पुढच्या वर्षी जुलैमध्ये राष्ट्रवादी काँग्रेस फुटली, आणि पक्ष नेमका कोणाचा हा प्रश्न आयोगापुढे गेला. त्या काळात गावोगावी कार्यकर्त्यांकडून प्रतिज्ञापत्रे भरून घेतली जात होती. माझ्या ओळखीच्या मुलांनी पदरमोड करून मुद्रांक आणले आणि नोटरीपुढे रांगा लावल्या. आपल्या सहीने काही ठरेल, असे त्यांना मनापासून वाटत होते. आयोगाने १७ फेब्रुवारी २०२३ रोजी शिवसेनेबाबत जो आदेश दिला, त्यात पक्षाची संघटनात्मक रचनाच लोकशाही पद्धतीची नसल्याने त्या कसोटीवर निर्णय करता येत नाही, असे म्हटले आणि विधिमंडळातील बहुमत निर्णायक धरले. ६ फेब्रुवारी २०२४ रोजी राष्ट्रवादीच्या प्रकरणातही विधिमंडळातील बहुमतच निर्णायक ठरले. हे आदेश बरोबर की चूक, यावर दोन्ही बाजूंनी भरपूर लिहिले गेले आहे. मला येथे दिसते ते एवढेच की लाखो सदस्यांच्या कागदांपेक्षा काही डझन आमदार आणि खासदारांचे पारडे जड ठरले. त्या मुलांचा संताप एका गटावर किंवा दुसऱ्या गटावर निघाला असता, तर पक्षांना त्यातून काही मिळवताही आले असते. बहुतेकांनी रागही व्यक्त केला नाही. ते पक्षाच्या कामातून हळूहळू बाजूला झाले आणि पुढच्या सभेचा निरोप आला तेव्हा त्यांनी फोन उचलला नाही.

सदस्यत्व वेगळे असू शकते, हे कळण्यासाठी जर्मनीतील समाजवादी लोकशाही पक्षाचे उदाहरण पुरेसे आहे. २०१८ च्या सुरुवातीला त्या पक्षाने ख्रिश्चन डेमोक्रॅट पक्षाबरोबर पुन्हा सरकारमध्ये जायचे की नाही, हा प्रश्न साडेचार लाखांहून अधिक सदस्यांपुढे टपालाने ठेवला. पक्षाच्या युवक संघटनेचा अठ्ठावीस वर्षांचा अध्यक्ष केविन क्यूनर्ट नेतृत्वाच्या विरोधात उघडपणे देशभर फिरला, आणि या प्रश्नावर मत देता यावे म्हणून हजारो नवे सदस्य पक्षात आले. निकाल नेतृत्वाच्या बाजूने लागला. सुमारे ६६ टक्क्यांनी होकार दिला. तरुण हरले, पण त्यांचे म्हणणे मोजले गेले. आपल्याकडे युवक अध्यक्षाने पक्षाध्यक्षाच्या निर्णयाविरुद्ध प्रचार केला तर संध्याकाळपर्यंत त्याची नियुक्ती रद्द झाल्याचे पत्रक निघेल.

कोणी म्हणेल की मत नसले तरी संधी तर असते, आणि पूर्वी ती होतीही. आर. आर. पाटील १९७९ मध्ये सांगली जिल्हा परिषदेवर निवडून आले. देवेंद्र फडणवीस १९९२ मध्ये नागपुरात नगरसेवक झाले आणि सत्ताविसाव्या वर्षी महापौर. विलासराव देशमुखांची सुरुवात बाभळगावच्या सरपंचपदापासून झाली. ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, महापालिका ही शिडी होती आणि तिच्यावरून माणसे खरोखर वर गेली. मुंबई आणि पुणे महापालिकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. त्यानंतर मतदानासाठी जानेवारी २०२६ उजाडले. बहुतेक जिल्हा परिषदाही याच काळात प्रशासकांच्या हाती होत्या. प्रभागरचना, इतर मागासवर्गीयांचे आरक्षण, न्यायालयातील तारखा ही कारणे खरी आहेत. पण २०२२ मध्ये चोवीस वर्षांचा असलेला, प्रभागात घर न् घर माहीत असलेला मुलगा या चार वर्षांत काय करत होता, याचा विचार कोणत्याही पक्षाने केलेला मला दिसला नाही. तो नोकरीला लागला, त्याचे लग्न झाले, आणि पुण्यासारख्या शहरात प्रभाग चार-चार जागांचा, ऐंशी हजारांच्या आसपास वस्तीचा झालेला असल्याने स्वतःच्या ओळखीवर निवडून येण्याचा विचारच त्याने सोडला. एवढ्या मोठ्या प्रभागात पैसा आणि नेत्याचा वरदहस्त लागतोच.

या शिडीची पहिली पायरी तर आधीच काढून घेतली गेली आहे. महाविद्यालयांतील थेट निवडणुका हिंसाचारामुळे गेल्या शतकाच्या अखेरीस बंद झाल्या आणि वर्गप्रतिनिधी गुणांवर नेमण्याची पद्धत आली. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मध्ये खुल्या निवडणुकांची तरतूद पुन्हा झाली, २०१९ मध्ये त्यांची तयारीही सुरू झाली, परंतु त्या लांबणीवर पडल्या. माझ्या पिढीने त्यामुळे मत मागणे, हरणे आणि हरल्यावर दुसऱ्या दिवशी त्याच वर्गात बसणे हे शिकलेच नाही. नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत सर्वांत तरुण आमदार ठरलेले रोहित पाटील तेव्हा पंचवीस वर्षांचे होते आणि ते आर. आर. पाटील यांचे चिरंजीव आहेत. त्यांच्या कामाविषयी माझी काही तक्रार नाही. मतदारांनी त्यांना निवडून दिले आहे. मात्र वडील जिल्हा परिषदेतून वर आले, तसा घरात राजकारण नसलेला मुलगा आज कोठून वर येणार, हे मला कोणी पदाधिकारी सांगू शकला नाही.

शुल्क नाममात्र असले तरी या सदस्यत्वाची खरी किंमत पुढे चुकवावी लागते, आणि ती नोंदणीच्या वेळी कोणी सांगत नाही म्हणून येथे सविस्तर लिहितो. आंदोलनात जमावबंदीचा भंग झाला की गुन्हा नोंदवला जातो. पूर्वी भारतीय दंड विधानाची कलमे १४३ आणि १८८ लागत, आता भारतीय न्याय संहितेची १८९ आणि २२३ लागतात, सोबत बहुधा महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचे कलम १३५ असते. नेत्याच्या दृष्टीने असा गुन्हा हा राजकीय आयुष्याचा भाग असतो. भरतीची तयारी करणाऱ्या मुलाच्या दृष्टीने तो चारित्र्य पडताळणीत उभा राहणारा प्रश्न असतो. २०२४ च्या पोलीस भरतीत १७,४७१ पदांसाठी सुमारे १७ लाख ७६ हजार अर्ज आले होते. पहाटे चारला उठून मैदानावर सोळाशे मीटर धावणारी ही मुले आणि मोर्चात पुढे असणारी मुले पुष्कळदा एकच असतात. राजकीय आणि सामाजिक आंदोलनांतील खटले मागे घेण्याचे निर्णय सरकारे अधूनमधून घेतात, पण त्यासाठी समितीची शिफारस आणि न्यायालयाची परवानगी लागते, आणि दरम्यान वयोमर्यादा थांबून राहत नाही. आमच्या गटातील एकाला तारखांना जाण्यासाठी वकील स्वतः करावा लागला. ज्यांच्या हाकेवर तो रस्त्यावर उतरला होता, त्यांच्या कार्यालयातून एक फोनही आला नाही. मला या सगळ्यात सर्वांत जास्त यातना याच गोष्टीने झाल्या.

मुलींचा अनुभव वेगळा आहे आणि तो त्यांनीच लिहावा. मुलग्यांपुरते सांगायचे तर पक्षांना त्यांचे खांदे हवे असतात. ऑगस्ट २०२२ मध्ये दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा जाहीर झाला, तेव्हा मला आनंदच झाला, कारण थर लावताना पडून अपंग झालेल्या गोविंदांना आधाराची गरज होतीच. पण हंडी, रॅली आणि मोर्चा यांच्या बाहेर पक्षांच्या लेखी हा मुलगा उरत नाही. त्याची शेती, त्याचे रखडलेले लग्न, परीक्षेत गेलेली वर्षे यांबद्दल भाषणे होतात. त्याच्याशी बोलणे होत नाही.

या सेवेचे चांगले अंगही सांगितले पाहिजे. अर्ज कसा लिहावा, सातबारा कसा वाचावा, तहसील कार्यालयात कोणत्या टेबलावर काय मागावे, आजारी माणसाला रात्री रक्त कोठे मिळेल, हे मी पक्षातच शिकलो. मुंबईत शिवसेनेच्या शाखांनी अनेक दशके हेच केले. नळाला पाणी नसले की माणूस शाखेत जाई आणि शाखाप्रमुख हा त्याच वाडीतला मुलगा असे. राष्ट्र सेवा दलाच्या अभ्यासवर्गांतून घडलेली माणसे आजही चळवळींत भेटतात. तेथे तरुणाला काम होते, मान होता आणि शिक्षणही होते. आता काम तेवढे शिल्लक आहे.

एवढे असूनही पक्षात जाऊ नका, असे मी कोणाला सांगणार नाही, कारण कायदे करणारी माणसे पक्षांतूनच निवडून येतात. ज्यांच्या गावात पक्षाचे कार्यालय निवडणुकीनंतरही उघडे असते आणि पदाधिकारी नावानिशी ओळखतो, त्यांनी जरूर सदस्य व्हावे. इतरांनी नोंदणीआधी स्थानिक पदाधिकाऱ्याला चार गोष्टी विचाराव्यात : तालुकाध्यक्ष निवडून आला आहे की नेमलेला, गेल्या वर्षी सदस्यांची सभा कधी झाली, आंदोलनात गुन्हा नोंदवला गेल्यास वकिलाचा खर्च कोण करतो, आणि गेल्या स्थानिक निवडणुकीत तिशीच्या आतील किती जणांना, राजकीय घराण्याबाहेरच्या किती जणांना उमेदवारी दिली. मी गेल्या महिन्यात हेच प्रश्न आमच्या भागातील वेगवेगळ्या पक्षांच्या पदाधिकाऱ्यांना विचारले. एकाने बसवून घेतले, चहा दिला आणि पहिल्या दोन प्रश्नांची खरी उत्तरे दिली. उरलेल्या दोन प्रश्नांसाठी त्याने जिल्हाध्यक्षांची वेळ मागून घेतली आहे. ती भेट झाली की तेथील उत्तरे या परीक्षणात जोडेन.