नोकरीच्या शोधात एक्सेल: आवक-जावक वहीचा नवा उपयोग

गेले पाच महिने मी नवी नोकरी शोधत आहे आणि या काळात मला सर्वाधिक साथ मिळाली ती मायक्रोसॉफ्ट एक्सेलची. नोकऱ्यांची माहिती देणाऱ्या संकेतस्थळांविषयी पुष्कळ लिहिले जाते; परंतु पाठवलेल्या अर्जांचे पुढे काय झाले, याचा हिशेब अर्जदारालाच ठेवावा लागतो. त्या कामापुरताच हा अभिप्राय आहे.

मागील कार्यालयात माझ्याकडे आवक-जावक टेबल होते. आलेल्या प्रत्येक पत्राला आवक क्रमांक, गेलेल्या प्रत्येक पत्राला जावक क्रमांक आणि नोंद त्याच दिवशी, असा तिथला शिरस्ता होता. हे काम रुक्ष समजले जाते, मला मात्र ते मनापासून आवडत असे, कारण "आमचे पत्र पोहोचले का?" असे विचारणाऱ्याला मिनिटभरात तारखेसह उत्तर देता येई आणि त्याचा चेहरा खुलत असे. शोधाच्या पहिल्याच दिवशी मी तीच वही एक्सेलमध्ये आखली: जावक क्रमांक, दिनांक, संस्था, पद, जाहिरात कोठे पाहिली, रेझ्युमेची कोणती प्रत पाठवली, उत्तर आणि पाठपुरावा.

कागदी वहीला जे जमत नाही, ते एक्सेल तारखांच्या बाबतीत करते. एक्सेलमध्ये तारीख आतून संख्या म्हणून साठवली जाते आणि विंडोजवर 1 जानेवारी 1900 हा एक्सेलच्या लेखी पहिला दिवस असतो; त्यामुळे ‘टुडे’ या सूत्रातून अर्जाची तारीख वजा केली की किती दिवस उलटले, हे रोज आपोआप कळते. कंट्रोल आणि अर्धविराम या कळा एकत्र दाबल्या की आजची तारीख पडते आणि ती नंतर बदलत नाही. दहा दिवस उलटूनही उत्तर न आलेली ओळ पिवळी व्हावी, अशी अट मी कंडिशनल फॉरमॅटिंगमध्ये घातली आहे. ओळ पिवळी झाली की स्मरणपत्र पाठवायचे आणि त्याच्या पहिल्याच वाक्यात मूळ अर्जाची तारीख व पदाचे नाव लिहायचे, हा धडाही कार्यालयातलाच. वाचणाऱ्याला जुना पत्रव्यवहार धुंडाळावा लागला नाही, तर उत्तर लवकर येते.

या वहीचे खरे मोल एका दुपारी कळले. अनोळखी क्रमांकावरून दूरध्वनी आला आणि पलीकडच्या बाईंनी संस्थेचे नाव घाईत सांगून थेट विचारले, "आपण कोणत्या पदासाठी अर्ज केला होता?" त्या पुढचे वाक्य बोलेपर्यंत कंट्रोल-एफ दाबून मी ओळ शोधली होती, पद, तारीख आणि पाठवलेली प्रत, सारे समोर होते. आवाज स्थिर राहिला आणि मुलाखतीचा दिवस तिथेच ठरला. दुसऱ्या पानावर मी मुलाखतीत विचारलेले प्रश्न त्याच संध्याकाळी उतरवते. आधीची नोकरी का सोडली, हा प्रश्न तिथे इतक्या वेळा आला आहे की त्याचे उत्तर आता न अडखळता देता येते.

दोष सांगायलाच हवेत. दोन-तीन अशा अर्थाने ‘2-3’ टंकले की एक्सेल त्याची तारीख करून टाकते. हा दोष इतका जुना आणि चिवट आहे की ‘मार्च1’ आणि ‘सेप्ट1’ यांसारखी मानवी जनुकांची नावे त्यापायी बदलावी लागली आणि त्यांना नावे देणाऱ्या समितीने 2020 मध्ये तशी मार्गदर्शक तत्त्वेही प्रसिद्ध केली. असे काही लिहायचा स्तंभ आधीच ‘टेक्स्ट’ म्हणजे साध्या मजकुराच्या प्रकारचा केला की त्रास टळतो. मोबाइलच्या लहान पडद्यावर लांब ओळी वाचणे जिकिरीचे होते. शिवाय वही स्वतःहून हाक मारत नाही. ती रोज सकाळी उघडावी लागते.

एका पानात 10,48,576 ओळी मावतात, तेव्हा जागेची चिंता कोणालाच नको. ब्राउझरमध्ये चालणारी आवृत्ती विनामूल्य आहे आणि एवढ्या कामाला ती पुरेशी आहे. वही मात्र पहिला अर्ज पाठवण्याआधीच आखावी, कारण मागाहून भरताना तारखा ईमेलमध्ये सापडतात, पण जाहिरात बहुधा काढून टाकलेली असते.