गेमिंग लॅपटॉपमध्ये हार्ड डिस्क की एसएसडी: काही महिन्यांच्या वापरानंतर

एसएसडी (फिरणारी तबकडी नसलेली, चिपवर साठवणारी ड्राइव्ह) टाकली की एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) वाढतील, या आशेवर कुणी असेल तर ती आधीच सोडून द्या. फ्रेम किती येणार हे ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर ठरवतात. माझ्या लॅपटॉपमध्ये ५४०० आरपीएमची, म्हणजे मिनिटाला ५४०० फेऱ्या घेणारी, १ टीबी हार्ड डिस्क होती. रिकाम्या एम.२ स्लॉटमध्ये (एसएसडी बसवायची छोटी खाच) ५०० जीबीची एनव्हीएमई, म्हणजे वेगवान प्रकारची, एसएसडी बसवली आणि काही महिने दोन्ही एकत्र वापरल्या. स्टीममध्ये (गेम विकत घेऊन चालवायचं ॲप) गेम एका ड्राइव्हवरून दुसऱ्यावर हलवता येतो, त्यामुळे तोच गेम दोन्हीकडे खेळून बघणं सोपं गेलं.

सरासरी एफपीएस जवळपास तेवढेच. फरक पडला तो झटक्यांमध्ये. सायबरपंक २०७७ मध्ये गाडी सुसाट सोडली की हार्ड डिस्कवर रस्ता आधी यायचा, भिंती चिखल फासल्यासारख्या दिसायच्या आणि पाट्यांवरची अक्षरं आपण चौक ओलांडून गेल्यावर उमटायची. मधेच गेम अडखळायचा, आणि त्याच क्षणी डाव्या तळहाताखाली डिस्कची कुरकुर जाणवायची. एसएसडीवर हे जवळजवळ बंद झालं.

कारण साधं आहे. ५४०० आरपीएमला तबकडीची एक फेरी ११ मिलिसेकंदांची. डेटा वाचणारं हेड सरकायचा वेळ धरला तर एक विखुरलेला तुकडा शोधायला पंधराएक मिलिसेकंद सहज जातात. ६० एफपीएसला एका फ्रेमच्या वाट्याला येतात १६.७. गेमला असे शेकडो तुकडे लागतात, आणि त्याच वेळी विंडोज अपडेट सुरू झालं की टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्क्यांवर जाऊन बसते. मग खेळणं सोडाच, आल्ट-टॅबसुद्धा जड जातं.

गेम बनवणाऱ्यांनीही आता हात वर केलेत. २०२३ मध्ये आलेल्या स्टारफील्ड आणि बाल्डर्स गेट ३ या दोन्हींच्या किमान गरजांमध्येच एसएसडी लिहिलेली आहे. सायबरपंकनेही त्याच वर्षी हार्ड डिस्कचा सपोर्ट काढला.

पण म्हणून सर्वात वेगवान एसएसडीमागे धावायचं का? मला तरी तसं वाटत नाही. साटा (जुन्या, हळू जोडणीची) एसएसडी साधारण ५५० एमबी प्रति सेकंद देते, पीसीआयई (एनव्हीएमई चालते ती जोडणी) ३.० ची चांगली एनव्हीएमई ३५०० च्या आसपास आणि ४.० ची ७००० पर्यंत. आकडे बघून डोळे दिपतात, पण लोडिंग त्या प्रमाणात कमी होत नाही, कारण फायली उलगडण्याचं काम बऱ्याचदा प्रोसेसरच करत असतो. जीटीए ऑनलाइनचं कुप्रसिद्ध लोडिंग आठवतंय? २०२१ मध्ये कळलं की दोष ड्राइव्हचा नव्हताच. एक लांबलचक यादी वाचणारा कोडच भिकार होता. तो सुधारल्यावर लोडिंगचा वेळ एकदम खाली आला.

त्यामुळे पैसे वेगापेक्षा जागेवर घालवा. ५०० जीबी विंडोजमध्ये दिसते ४६५. बाल्डर्स गेट ३ ला १५०, स्टारफील्डला १२५, सायबरपंकला ७० जीबी द्या, वर विंडोज आहेच. बघता बघता काठोकाठ! गच्च भरलेली एसएसडी लिहिताना मंदावते, त्यात क्यूएलसी (एका सेलमध्ये चार बिट कोंबणारी) असेल तर जास्तच. मी शेवटी १ टीबी टीएलसी (सेलमागे तीन बिट) घेतली.

एसएसडी झिजते ही भीती गेमिंगपुरती फुकटची आहे. १ टीबीच्या बऱ्याच टीएलसी एसएसडींना ६०० टीबी लिखाणाची हमी असते. दर आठवड्याला १०० जीबीचा गेम नव्याने टाकला तरी वर्षाला ५.२ टीबी होतात. तापण्याचं म्हणाल तर मोठी फाइल कॉपी करताना वेग पडलेला दिसला, खेळताना नाही.

जुनी हार्ड डिस्क आता यूएसबी केसमध्ये आहे. रेकॉर्डिंग, जुने छोटे गेम आणि बॅकअप यांना ती अजूनही उत्तम. चालू असताना हलवू नये एवढंच. बॅकअप मात्र खरंच ठेवा, कारण हार्ड डिस्क बऱ्याचदा आधी कुरकुरते, एसएसडी न सांगता जाऊ शकते आणि ट्रिममुळे (डिलीट झालेली जागा साफ करायची सोय) डिलीट झालेलं परत मिळणंही कठीण असतं.

विकत घेण्याआधी लॅपटॉपचं मॅन्युअल उघडून एम.२ स्लॉट एनव्हीएमई घेतो की फक्त साटा, हे बघा. स्लॉट दोन्हीसाठी सारखाच दिसू शकतो. लॅपटॉप पातळ असेल तर चिप एकाच बाजूला असलेली एसएसडी घ्या, नाहीतर खालचं झाकण नीट बसणार नाही.