कर्जच मान्य नाही आणि रिकव्हरीवाले मागे लागलेत: सेटलमेंट, लोकपाल, उपभोक्ता आयोग की लोक अदालत?

इंदूरच्या आपल्या मराठी घरांमध्ये रिकव्हरीवाल्यांचे फोन सुरू झाले की ज्येष्ठ मंडळींचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "देऊन टाक बाबा जे असेल ते, चार लोकांत तमाशा नको." एजंटला हे पक्कं माहीत असतं, म्हणून तो कर्जाबद्दल कमी आणि ऑफिसात येईन, सोसायटीत येईन, सासऱ्यांना फोन लावीन याबद्दलच जास्त बोलतो. ज्यांना पैसे द्यायचेत पण सध्या नाहीत त्यांचा प्रश्न वेगळा आहे. इथे मी फक्त वादातल्या कर्जाबद्दल लिहितोय, म्हणजे कर्ज तुम्ही घेतलंच नाही, कुणीतरी तुमच्या पॅन-आधारवर काढलं, किंवा फेडून झालंय तरी मागतायत, किंवा कर्ज आहे पण आकडा मान्य नाही. आपलं यातलं कुठलं ते आधी ठरवा, कारण खालचा प्रत्येक रस्ता तिघांना सारखा उपयोगी नाही.

सगळ्यात सोपा वाटतो तो सेटलमेंटचा रस्ता. माझ्या आतेभावाचं उदाहरण देतो, सुदामा नगरला राहतो, टू-व्हीलरचं लोन पूर्ण फेडलेलं, एनओसी (म्हणजे आता काही बाकी नाही असं कंपनीचं पत्र) फाइलमध्ये लावलेली, आणि बऱ्याच काळाने एका एजन्सीचा फोन की बाउन्स चार्जेस बाकी आहेत, व्याजासकट इतके झालेत, पण आज भरलं तर निम्म्यात मिटवू. निम्मं ऐकलं की माणसाला फायदा दिसतो, आणि तो भरायला निघालाच होता. मी त्याला एवढंच विचारलं की जे देणंच नव्हतं त्याचं निम्मं कशाचं?

सेटलमेंटचा अर्थ सरळ आहे, कर्ज माझं होतं आणि मी ते पूर्ण फेडू शकलो नाही असं तुम्ही लिहून देता. सिबिलमध्ये, म्हणजे तुमच्या कर्जांच्या नोंदींच्या रिपोर्टमध्ये, त्या खात्यापुढे 'क्लोज्ड' न येता 'सेटल्ड' येतं, आणि पुढे घरासाठी लोन मागायला गेलात की बँकवाला तिथेच बोट ठेवतो. म्हणून कर्ज तुमचं नसेल किंवा फिटलेलं असेल तर सेटलमेंट कितीही स्वस्त असली तरी करू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. वाद फक्त आकड्याचा असेल, रक्कम लहान असेल आणि भांडायची ताकद नसेल तर करा, पण आधी कंपनीच्या लेटरहेडवर पत्र घ्या ज्यात रक्कम, तारीख आणि 'यानंतर काही बाकी नाही' हे लिहिलेलं असेल, आणि पैसे फक्त कंपनीच्या लोन खात्यात भरा. एजंटच्या स्वतःच्या यूपीआयवर एक रुपयाही नाही, तो कितीही गोड बोलला तरी.

सेटलमेंटपेक्षाही घातक आहे ते एजंटचं "कुछ तो डाल दो भैया, हजार-दो हजार, ऊपर बोल दूंगा." लोकांना वाटतं की याने महिनाभर शांतता मिळेल. पण बिनतारणी कर्जाच्या वसुलीचा दावा लावायला साधारण ३ वर्षांची मुदत असते, आणि १९६३ च्या मुदत कायद्यात अशी सोय आहे की मुदत संपायच्या आत तुम्ही काही भरलं किंवा सही करून देणं मान्य केलं तर ती ३ वर्षं पुन्हा पहिल्यापासून मोजली जातात. म्हणजे जुनं, संपत आलेलं प्रकरण तुम्हीच आपल्या हाताने ताजं करून देता. तीच गोष्ट व्हॉट्सअॅपवर "पुढच्या महिन्यात बघतो" लिहिण्याची. वाद आहे तर "हे देणं मला मान्य नाही, कागद दाखवा" याशिवाय दुसरं काही लिहूच नका.

आता दुसरी बाजू, लेखी तक्रार. हिला वेळ लागतो आणि सुरुवातीला काहीच होत नाहीये असं वाटतं, तरी माझ्या मते वादातल्या कर्जात पहिलं पाऊल हेच, कारण हिच्यात एक जोर आहे जो बहुतेकांना माहीतच नसतो. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २००८ मध्ये वसुली एजंटांबद्दल बँकांना ज्या सूचना दिल्या त्यात लिहिलंय की ग्राहकाची तक्रार आलेली असेल तर तिचा निकाल लागेपर्यंत बँकेने प्रकरण एजंटकडे पाठवू नये, अपवाद फक्त मुद्दाम पुन्हा पुन्हा खोट्या तक्रारी करणाऱ्याचा, आणि तोही बँकेकडे पुरावा असेल तर. म्हणजे फोनवर एजंटशी तासभर भांडून जे होत नाही ते बँकेच्या तक्रार अधिकाऱ्याला पाठवलेल्या एका ईमेलने होऊ शकतं. त्यात लोन नंबर, वाद काय, एनओसीची कॉपी, खात्याचं पूर्ण स्टेटमेंट आणि मूळ कराराची मागणी, आणि एजन्सीचं नाव व अधिकारपत्र मागा. तक्रार नंबर आला की तो जपून ठेवा, पुढचं सगळं त्याच्यावर उभं राहतं. त्याच ईमेलमध्ये फोनच्या वेळाही लिहा, कारण रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२२ च्या आदेशाप्रमाणे वसुलीचे फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करता येत नाहीत, धमकी-शिवीगाळ चालत नाही आणि नातेवाईक, मित्र, रेफरन्स दिलेले लोक यांना त्रास देणं तर अजिबात नाही.

कंपनीने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उडवाउडवीचं दिलं, की मग खरा प्रश्न येतो, रिझर्व्ह बँकेचा लोकपाल (बँका आणि कर्ज कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी बघणारा अधिकारी) की उपभोक्ता आयोग. इथे क्रम फार महत्त्वाचा आहे. लोकपालाकडे आधी गेलात आणि तिथे काम झालं नाही तर आयोगाचं दार उघडं राहतं, पण आयोगात केस आधी टाकलीत तर त्याच विषयावर लोकपाल तक्रार घेत नाही. लोकपालाला फी नाही, वकील लागत नाही (वकिलामार्फत तक्रार केली तर ती घेतही नाहीत), भोपाळला खेटे घालायची गरज नाही, रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रार पोर्टलवर घरबसल्या भरता येते, १४४४८ या फोन नंबरवर माहिती मिळते. २०२१ च्या योजनेत कंपनीच्या उत्तरानंतर १ वर्षाच्या आत जायचं होतं, सध्याची मुदत पोर्टलवर बघून घ्या. त्याच योजनेत नुकसानीसाठी २० लाखांपर्यंत आणि मनस्तापासाठी वेगळी १ लाखापर्यंत भरपाईची तरतूद ठेवली होती. फेडलेलं कर्ज पुन्हा मागणं, न विचारता चिकटवलेला इन्शुरन्स, दंडावर व्याज (२०२३ च्या परिपत्रकानंतर दंडाच्या रकमेवर पुढे व्याज लावता येत नाही), अशा कागदावर दिसणाऱ्या गोष्टींना लोकपाल उत्तम.

पण सही खोटी आहे, एजंटने घरी येऊन काय केलं, असं साक्षीपुराव्याने सिद्ध करायचं असेल तर लोकपाल तक्रार बंद करू शकतो, कारण तिथलं काम कागद बघून चालतं. तिथे उपभोक्ता आयोग बरा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही जिथे राहता तिथेच केस टाकता येते, म्हणजे कंपनीचं हेड ऑफिस मुंबईला असो की चेन्नईला, त्यांना इंदूरला यावं लागतं, हा मोठा फायदा. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत २ वर्षांची. तोटा तारखांचा, त्या लांबतात आणि नोकरीवाल्याचा जीव मेटाकुटीला येतो. खोट्या सहीचं प्रकरण फारच गुंतागुंतीचं निघालं तर आयोगही दिवाणी कोर्टात जा म्हणू शकतो, तेव्हा त्या बाबतीत आधीच एखाद्या वकिलाला कागद दाखवा. महिलांना मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो, जिल्हा न्यायालयातल्या विधिक सेवा प्राधिकरणात विचारा किंवा १५१०० लावा.

लोक अदालतीची नोटीस आली की पुष्कळ घरांत घाबरगुंडी उडते. केस दाखल व्हायच्या आधीची नोटीस असेल तर ती तडजोडीचं बोलावणं असते, तुमची संमती नसेल तर तिथे काही ठरत नाही. आकड्याचा वाद असेल तर जरूर जा, समोर बँकेचा अधिकार असलेला माणूस बसलेला असतो आणि दंड-चार्जेस सुटू शकतात. पण सही करायच्या आधी शांतपणे वाचा, तिथला निवाडा कोर्टाच्या डिक्रीसारखाच असतो आणि त्यावर अपील नाही. कर्ज माझं नाहीच असं म्हणणाऱ्याने तिथे सही करून काय मिळवायचं, मला तरी दिसत नाही.

पोलीस थान्याचं वेगळं. पोलीस कर्ज खरं की खोटं ठरवणार नाहीत, त्यासाठी तिथे जाऊच नका. धमकी दिली, घरात घुसले, फोटो मॉर्फ करून कॉन्टॅक्ट्सना पाठवले तर मात्र लगेच जा, लोन अॅपचा प्रकार असेल तर १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावा. कर्ज फेडलं नाही म्हणून पोलीस उचलून नेतील ही धमकी पोकळ आहे, थकबाकी हा दिवाणी मामला आहे, आणि वसुलीसाठी गुंड पाठवणं चालणार नाही हे सुप्रीम कोर्टाने २००७ मध्येच बजावलंय. पोलिसांत गेल्यामुळे लोकपालाचं दार बंद होत नाही, दोन्ही एकाच वेळी चालू शकतं.

यातलं काहीही निवडा, सिबिलचा डिस्प्यूट, म्हणजे रिपोर्टमधली नोंद चुकीची असल्याची तक्रार, सोबत टाकाच, विशेषतः कर्ज तुमचं नसेल तर. आणि फक्त सिबिल नाही, तशाच नोंदी ठेवणाऱ्या एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या कंपन्यांचा रिपोर्टही बघा, वर्षातून एकदा प्रत्येकाकडून फुकट मिळतो. तक्रार ३० दिवसांत मिटली नाही तर त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मागता येते. आतेभावाच्या प्रकरणात ईमेल आणि डिस्प्यूट एकाच दिवशी टाकले होते, कंपनीने एनओसी बघून चार्जेस मागे घेतले, लोकपालापर्यंत जावंच लागलं नाही.

एजंटचे फोन तुम्ही कापू शकता, पण तीन कागद कधीही दुर्लक्षित करू नका, मग कर्ज खोटं असलं तरी. कोर्टाचं समन्स आलं तर हजर राहा. लवादाची, म्हणजे कोर्टाबाहेर वादाचा निवाडा करणाऱ्या पंचाची, नोटीस आली आणि लवाद कंपनीने एकटीनेच नेमलेला असेल तर त्यावर लेखी हरकत घ्या, गप्प बसलात तर तुमच्याशिवाय निवाडा होईल. आणि चेक बाउन्सची कलम १३८ ची नोटीस, कारण हे एक प्रकरण फौजदारी आहे, नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसच असतात, तेव्हा ती हातात पडली त्याच दिवशी वकिलाकडे जा आणि पाकिटावरची तारीख फाडून टाकू नका.