थाई भाषा शिकायला लागणारा ईडी (म्हणजे शिक्षणाचा) व्हिसा: दादरच्या एका एजंटाची सेवा

कागद लावण्यात ही मंडळी चोख आहेत. शाळेचं प्रवेशपत्र आणि थाई शिक्षण मंत्रालयाचं पत्र, दोन्हींवरचं नाव पासपोर्टशी अक्षर न् अक्षर ताडून बघतात. आपल्याकडे वडिलांचं नाव मध्येच घुसतं किंवा गळतं आणि अर्ज तिथेच अडकू शकतो. शाळा मंत्रालयाची परवानाधारक आहे ना, हेही पैसे भरायच्या आधी विचारतात. बाकी अर्ज आता ऑनलाइनच, म्हणजे स्कॅनिंगचे वेगळे पैसे लावणं जरा अतीच.

खरी कमतरता उतरल्यानंतरची. शिक्का 90 दिवसांचाच मिळतो, हे ते सांगतात; पुढचं नाही. मुदतवाढ तिथल्या इमिग्रेशनमध्ये टीएम 7 फॉर्म भरून, 1,900 बात (थाई चलन). हजेरी कमी असेल किंवा अधिकाऱ्याने थाईत विचारलेला साधा प्रश्नही कळला नाही, तर नकार मिळू शकतो. घरमालकाने टीएम 30 नोंद (परदेशी माणूस आपल्याकडे राहतोय हे इमिग्रेशनला कळवणं) केलेली नसेल तर तिथेच खोळंबा. आणि गणपतीला घरी यायचं असेल तर आधी 1,000 बातचं री-एंट्री परमिट, म्हणजे परत प्रवेशाची परवानगी, काढा. ते न घेता विमानात बसलात की मुदतवाढ रद्द.

पाचपैकी तीन तारे. कागद तपासून घ्यायला जा, सल्ल्याला नको.