फुकटातले पाच बँड की तिकिटातला एक? मुंबईत इंडी रॉक ऐकायला जाण्याआधी

डिसेंबर ते फेब्रुवारी हा मुंबईत उघड्यावर इंडी रॉक, म्हणजे मोठ्या म्युझिक कंपनीच्या आधाराशिवाय स्वतःची गाणी वाजवणाऱ्या बँडांचं रॉक, ऐकायचा हंगाम. पाऊस संपलेला, घाम जरा आवरलेला. याच दिवसांत शनिवारची पंचाईत होते. एकीकडे मैदानात पाच बँड, प्रवेश फुकट. दुसरीकडे लोअर परळ किंवा खारच्या एखाद्या क्लबमध्ये एकच बँड, तिकीट काढून. बहुतेक लोक खिशाकडे बघून ठरवतात. मी ठरवताना आधी एकच विचारतो: यातला कुठला बँड मी घरी आपणहून लावतो का? लावत असेन तर तिकीट. नसेन तर मैदान.

फुकट म्हटलं तरी सगळे कार्यक्रम एका जातीचे नसतात. मुंबईतलीच दोन उदाहरणं बघा. काळा घोडा कला महोत्सव १९९९ पासून होतो, नऊ दिवस चालतो आणि तिथलं संगीत कुणालाही फुकट ऐकता येतं. बँड आयोजक निवडतात, त्यामुळे एखाद्या संध्याकाळी लोकसंगीताच्या पाठोपाठ गिटारवाले येतात आणि समोर आजी-आजोबा, कुल्फी खाणारी पोरं, फोटो काढायला आलेले असे सगळे असतात. निव्वळ रॉकची संध्याकाळ मिळेलच असं नाही. पवईच्या आयआयटीतल्या मूड इंडिगो या कॉलेज महोत्सवातली ‘लाइव्हवायर’ ही मात्र रॉक बँडांची स्पर्धा आहे. तिथे प्रवेश फुकट असला तरी आधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते. स्पर्धा असल्यामुळे प्रत्येक बँडला वेळ मोजून मिळतो. मग जो तो आपली सगळ्यात जोरकस गाणी पुढे काढतो, आणि हळूहळू चढत जाणारं लांब गाणं घरीच राहतं. ऊर्जा बघायची तर पवईला जा. गाणं ऐकायचं तर काळा घोडा बरा, फक्त कार्यक्रमपत्रिका आधी नीट वाचा.

आता आवाजाचं. खरा फरक इथेच पडतो आणि याबद्दल कुणी बोलत नाही.

क्लबमध्ये एकच बँड असतो तेव्हा साउंडचेक, म्हणजे वाद्यं आणि माइक वाजवून आवाज जुळवणं, दुपारीच उरकलेला असतो. कन्सोलवरच्या, म्हणजे सगळ्यांचे आवाज कमी-जास्त करणाऱ्या यंत्रावरच्या माणसाला गायकाचा आवाज कुठे दबतो, कुठे फाटतो हे कळलेलं असतं. पाच बँडांच्या मैदानात तेवढा वेळ कुणालाच नसतो. पूर्ण साउंडचेक बहुधा शेवटच्या मोठ्या नावाला मिळतो, बाकीच्यांचा लाइन चेक, म्हणजे प्रत्येक माइक आणि वायर चालू आहे ना एवढीच तपासणी, उभ्या उभ्या, प्रेक्षकांसमोरच होतो. ड्रम किट सगळ्यांचं एकच, त्यावर प्रत्येक बँडचा ड्रमर आपले झांज आणि स्नेअर हा छोटा ड्रम लावतो. दोन बँडांच्या मधला हा चेंजओव्हर पंधरा-वीस मिनिटांचा ठरलेला असतो, पण त्याचा अर्धा तास सहज होतो. पाच बँड म्हणजे असे चार मध्यंतर. त्यात नव्या बँडच्या पहिल्या दोन गाण्यांत गायकाचे शब्द ऐकूच येत नाहीत, बास मात्र छातीत बसतो. तेवढ्यात ‘काय भंगार बँड आहे’ म्हणून वडापाव आणायला निघू नका. तिसऱ्या गाण्यापर्यंत थांबा, मग मत बनवा. उभं राहायचं तर स्टेजला चिकटून नको, कन्सोलच्या आसपास जागा पकडा. मिक्सिंग करणारा जे ऐकतो तेच तुम्हालाही ऐकू येईल. कानात घालायचे बोळे फुकट गिगला, म्हणजे कार्यक्रमाला, हवेत आणि तिकिटाच्या गिगला तर जास्तच हवेत, कारण क्लबचं छत ठेंगणं असतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये अशा जागांसाठी सरासरी १०० डेसिबलची मर्यादा सुचवली. छोट्या क्लबात स्पीकरजवळ उभं राहिलात तर ती कधी ओलांडली गेली हे कळणारही नाही.

तरीही मैदानाची एक गोष्ट क्लबला कधीच जमणार नाही. तिथे निघून जायला काही वाटत नाही. तिकिटाला हजार रुपये मोजले की माणूस न आवडणारा बँडही पैसे वसूल करायला शेवटपर्यंत ऐकतो. फुकटात तो बिनधास्त उठतो, आणि उठत नाही तेव्हा ती खरी दाद असते. बँडलाही हे समोर दिसतं. नाव न ऐकलेला तिसरा बँड चालू झाल्यावर पांगलेली गर्दी परत गोळा होऊ लागली, की समजावं आज काहीतरी सापडलं.

वेळेचं गणित वेगळं. उघड्यावरचे लाउडस्पीकर रात्री दहाला बंद होतात. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी तशी सक्ती केली आहे, आणि बारापर्यंतची सूट राज्य सरकार वर्षात मोजक्या दिवसांनाच देऊ शकतं. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्या शंभर मीटर परिसरातल्या शांतता क्षेत्राचा मुद्दाही याच नियमांतला. धोबी तलावचं रंगभवन हे खुलं नाट्यगृह, जिथे १९८६ साली सुरू झालेल्या इंडिपेन्डन्स रॉक या रॉक महोत्सवाच्या रात्री रंगल्या, ते संगीताला मुकलं ते याच मुद्द्यावर. जुने रॉकवाले अजून त्यावर हळहळतात. रुग्णालयाच्या खिडकीतून विचार केला तर मला नियम पटतो, पण हळहळही पटते. तुमच्या कामाचं एवढंच की चेंजओव्हर लांबले तर कात्री शेवटच्या बँडच्या गाण्यांना लागते. फक्त त्याच्यासाठी जाणार असाल तर पुन्हा विचार करा. उलट अंबरनाथ-विरारला परतणाऱ्यांना दहाची मर्यादा वरदानच आहे. क्लबमधला बँड कित्येकदा साडेनऊ-दहाला स्टेजवर चढतो आणि शेवटच्या लोकलकडे डोळे लावून ऐकावं लागतं.

वय एकवीसच्या आत असेल तर प्रश्नच मिटतो. दारू देणारे बहुतेक क्लब तुम्हाला दारातच अडवतील. कॉलेजातल्या पोरापोरींना मैदान हाच रस्ता. घरच्यांना सोबत न्यायचं असेल तरी मैदानच. फक्त स्वच्छतागृह कुठे आहे ते पोचल्या पोचल्या बघून ठेवा.

पुण्यात २०१० साली सुरू झालेल्या एनएच सेव्हन वीकेंडरसारखा तिकिटाचा मोठा महोत्सव हा तिसरा पर्याय. आवाज उत्तम, बँड भरपूर, पण एकाच वेळी अनेक स्टेज चालू. आवडते दोन बँड एकाच वेळेला आले की चडफडत धावायचं. पूर्ण वीकेंड मोकळा असेल आणि सोबत चार मित्र असतील तरच तो खर्च अंगी लागतो.

राहता राहिले बँडचे पैसे. फुकट कार्यक्रमात खर्च प्रायोजक किंवा आयोजक करतात, पण पाचापैकी पहिल्या दोन बँडांच्या हाती अनेकदा प्रवासखर्च आणि ‘एक्सपोजर’ एवढंच पडतं. क्लबच्या तिकिटातला वाटा निदान थेट बँडला जातो. पाचशे रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी नाही, तेव्हा छोट्या गिगचं ४९९चं तिकीट दिसलं तर तो व्यवहार तुमच्याही सोयीचा आणि त्यांच्याही. मैदानात एखादा बँड आवडला तर स्टेजच्या बाजूच्या टेबलावरून टी-शर्ट घ्या. टेबल नसेल तर त्यांच्या पुढच्या क्लब गिगची तारीख विचारून ठेवा, आणि त्या वेळी तिकीट काढा.