काचेच्या ‘निजामकालीन’ मोहोरेचा व्यवहार

दस्तऐवजावर वितळलेली लाख टाकून तिच्यावर दाबायची काचेची मोहोर, तीही निजामाच्या काळातील आणि एका जहागीरदार घराण्यातून निघालेली, अशी ओळख करून देत छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या भागातील एका विक्रेत्याने मला पितळी मुठीत बसवलेला गडद लाल खडा नऊ हजार रुपयांना विकला. मराठवाडा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळे येथील वाड्यांतून फारसी मोहोरा निघतात हे खरे आहे, आणि अशा लोकांचे फावते ते त्यामुळेच.

ओळखीच्या एका निवृत्त उर्दू शिक्षकांना मी ती दाखवली. त्यांनी मजकूर घडाघडा वाचला आणि मध्येच थांबून म्हणाले, “साहेब, मोहोर अशी सरळ वाचता यायला नको.” मोहोरेवर अक्षरे उलटी कोरलेली असतात, तेव्हाच ठसा सुलटा उमटतो, या काचेवर ती सुलटीच होती, म्हणजे कागदावरचा जुना ठसा पाहून साचा केलेला दिसत होता. त्यातच नाव सिकंदर जाह यांचे आणि साल हिजरी १२७०, म्हणजे इसवी सन १८५३-५४. सिकंदर जाह १८२९ मध्येच वारले होते आणि १२७० साली गादीवर नासिरुद्दौला होते.

साच्यातली काच म्हणजे खोटीच, असे मात्र नाही. लंडनमध्ये जेम्स टॅसी यांनी अठराव्या शतकात कोरीव रत्नांच्या हजारो प्रतिकृती काचेतच ओतून घडवल्या आणि त्यांना आज चांगला मान आहे. बुडबुड्यांवरूनही काही ठरत नाही, कारण ते जुन्या काचेत असतात तसेच नव्या काचेतही असतात. मला पटले ते कडेच्या टवक्यामुळे. खरोखर उडालेल्या टवक्याची कड नखाला बोचते. या टवक्याची कड गुळगुळीत होती, म्हणजे तो साच्यातूनच आला होता. मुठीच्या खाचांतील काळा मळ खोबरेल तेलाच्या बोळ्याने निघाला आणि त्याला बुटाच्या पॉलिशचा वास येत होता.

मोहोर परत करायला गेलो, तेव्हा विक्रेत्याने पावतीवर बोट ठेवले. तिच्यावर “शोभेची वस्तू” एवढेच लिहिलेले होते. शंभर वर्षांपेक्षा जुन्या वस्तूंचा व्यापार करायला १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे परवाना लागतो, म्हणून निजाम तोंडी असतो आणि शोभा कागदावर. पावतीवर काळ आणि साहित्य लिहून मागावे व पैसे देण्याआधी तिथेच लाखेवर ठसा उमटवून पाहावा; खऱ्या मालाचा विक्रेता याला सहसा नाही म्हणत नाही. मी निघालो तेव्हा त्याच्या कपाटात तशीच दुसरी लाल मोहोर होती, त्याच जागी तोच टवका असलेली.